डीएसएल मोडेमला घरचा राऊटर जोडताना

कुंडलिकेच्या एका काठावर रोहा आणि पलीकडच्या काठावर अष्टमी. नगर परिषद एकच असलेल्या या जोडगावांसारख्या कोकणातील अनेक लहान शहरांत ब्रॉडबँड आले ते टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून. भारत संचार निगमने ही सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू केली, तेव्हा सेकंदाला २५६ किलोबिट हा वेग ब्रॉडबँड म्हणवून घेण्यास पुरेसा होता आणि घरात जोडायचा असे तो एकच संगणक. पुढे फायबर आले व बऱ्याच ठिकाणी तांब्याची तार निवृत्त झाली. तथापि ज्या घरांत ती अद्याप टिकून आहे, तेथे जुन्या मोडेमच्या जोडीला बाजारातून एक राऊटर आणला जातो आणि मग दोन्ही खोकी सुरू असूनही इंटरनेट मात्र चालत नाही, असा अनुभव येतो. गणपतीला मुंबई-पुण्याहून गावी आलेल्या मुलाकडे हे काम हमखास सोपवले जाते. त्याला उपयोगी पडावी अशी ही माहिती.

मोडेम आणि राऊटर यांची कामे भिन्न आहेत. तारेवरून येणारा संकेत संगणकाला समजेल अशा रूपात आणणे हे मोडेमचे काम, तर आलेली एक जोडणी घरातील अनेक उपकरणांत वाटणे हे राऊटरचे. घोटाळा होतो तो येथेच. टेलिफोन कंपनीने दिलेल्या बहुतेक मोडेममध्ये एक छोटा राऊटर आधीच असतो. बाहेरून दुसरा आणला की घरात वाटपाचे काम करणारे दोघे होतात आणि पुष्कळदा दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ हाच असतो. एकाच घरात एकाच नावाची दोन माणसे असावीत, तशी ही गत. म्हणून वायरी जोडण्यापूर्वी ठरवायचे ते एवढेच, की कंपनीचे युजरनेम व पासवर्ड देऊन ‘लॉगिन’ कोणी करायचे आणि घरातील उपकरणांना पत्ते कोणी वाटायचे.

त्याआधी तार तपासावी. टेलिफोनवरील बोलणे चार किलोहर्ट्झच्या आत सामावते; डीएसएलचा संकेत त्याच तारेवर सुमारे २५ किलोहर्ट्झच्या वर धावतो. दोघांना वेगळे करणारी छोटी डबी म्हणजे स्प्लिटर. भिंतीतून आलेली वायर प्रथम स्प्लिटरला, मग तेथून एक वायर फोनला व एक मोडेमला, हाच क्रम असावा. माडीवर किंवा दुकानात फोनचे समांतर कनेक्शन घेतले असेल, तर ते स्प्लिटरच्या फोनच्या बाजूने काढावे, अन्यथा त्या फोनला स्वतंत्र फिल्टर लावावा. फोनची घंटी वाजली की इंटरनेट तुटते, अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच असते. मोडेमवरील डीएसएलचा दिवा स्थिर झाल्याखेरीज पुढे जाण्यात अर्थ नाही. तो लुकलुकत राहिला, तर दोष तारेत आहे. राऊटरची कितीही मांडामांड केली तरी तो दूर होणार नाही.

आता दोन मार्ग. पहिल्यात मोडेमला ‘ब्रिज’ करून ठेवतात. तो फक्त संकेताचे रूपांतर करतो आणि लॉगिन, म्हणजे पीपीपीओई, राऊटरवर भरायचे. मोडेमच्या लॅन खाचेतून निघालेली वायर राऊटरच्या वॅन खाचेत जाते. भारत संचार निगमच्या जोडण्यांसाठी मोडेममध्ये सामान्यतः व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ हे आकडे लागतात. राऊटरमध्ये एमटीयू १४९२ असावा, कारण १५०० बाइटच्या पाकिटातले आठ बाइट पीपीपीओई स्वतःसाठी घेते. हा आकडा चुकला तर काही संकेतस्थळे उघडतात आणि काही अर्धवटच अडकतात. अशा वेळी दोष कोठे आहे ते चटकन ध्यानात येत नाही.

दुसऱ्या मार्गात लॉगिन मोडेमवरच राहते. नव्या राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.२ असा बदलावा, त्याची डीएचसीपी बंद करावी आणि वायर त्याच्या वॅनमध्ये नव्हे, तर लॅनच्या खाचेत लावावी. तो मग केवळ वाय-फाय पसरवतो. मोडेम सुस्थितीत असेल आणि मागच्या खोलीपर्यंत वाय-फाय पोहोचत नाही एवढीच अडचण असेल, तर हा मार्ग सोपा. मोडेम जुना असेल आणि वरचेवर अडकत असेल, तर पहिलाच स्वीकारावा. जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात वाय-फाय एक-दोन भिंतींपलीकडे क्षीण होते. तेव्हा दुसरे खोके मोडेमशेजारी न ठेवता लांब वायर टाकून माजघरात, उंचावर ठेवणे इष्ट.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. जुलै २०१७ मध्ये एका घातक प्रोग्रामने भारत संचार निगमच्या ग्राहकांकडील हजारो मोडेम बंद पाडले. ते सापडले, कारण त्यांचे पासवर्ड कारखान्यातून आले तसेच होते. युजरनेम ‘अ‍ॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’. पासवर्ड बदला, असे आवाहन तेव्हा कंपनीला ग्राहकांना करावे लागले. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि उपकरणाच्या सेटिंगचा वेगळा, हे अनेकांना ठाऊक नसते. दोन खोकी असतील तर दोन्हींचे सेटिंगचे पासवर्ड बदलावेत, बाहेरून सेटिंग उघडण्याची सोय बंद करावी आणि वाय-फायला किमान डब्ल्यूपीए-२ सुरक्षा ठेवावी. घरातून बँकेचे व्यवहार होत असतील तर यात हयगय नको. नवे पासवर्ड वहीत लिहून ती घरीच ठेवावी. मुलगा परत गेल्यावर आई-वडिलांना ते फोनवरून विचारत बसावे लागू नये.

एवढे करूनही पावसाळ्यात जोडणी मंदावते. केबलच्या सांध्यात पाणी शिरले की फोनवर खरखर येते आणि मोडेमचा वेग उतरतो. मोडेमच्या स्टेटस पानावर ‘एसएनआर मार्जिन’ हा आकडा दिसतो. तो सहा डेसिबलच्या खाली राहत असेल तर जोडणी तुटत राहणारच. स्प्लिटर काढून साधा फोन थेट भिंतीतील वायरला लावून पाहावा; खरखर तशीच राहिली तर बिघाड घराबाहेर आहे आणि तक्रार लाइनची नोंदवावी, मोडेमची नव्हे. तांब्याची लांबी हाही मुद्दा आहेच. एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरवरच्या घराला मोठ्या वेगाची अपेक्षा धरता येत नाही.

वीज गेली तरी साधा फोन चालतो, कारण त्याला एक्स्चेंजमधून वीज मिळते. मोडेम व राऊटर मात्र बंद पडतात. त्यांना इन्व्हर्टरवर घ्यावे, परंतु अ‍ॅडाप्टरची अदलाबदल करू नये. एकाचा नऊ व्होल्टचा आणि दुसऱ्याचा बारा व्होल्टचा असू शकतो, पिन मात्र सारखीच दिसते. विजा चमकू लागल्या की विजेचा प्लग काढून भागत नाही, टेलिफोनची वायरही मोडेममधून काढावी लागते. मोडेम जळतात ते पुष्कळदा या तारेतून आलेल्या झटक्याने.