कुसुंबा, हळद आणि बार्शीचा बस्ता

यंदाच्या वैशाखात परंड्याला पुतणीचे लग्न झाले. पत्रिका छापायला जाण्याआधी महिनाभर तिने घरातल्या सर्वांच्या मोबाइलवर पाच रंगांचे चौकोन पाठवले. फिकट हिरवा, फिकट गुलाबी, मोत्यासारखा पांढरा, पिकल्या जर्दाळूचा आणि थोडासा राखाडी. "काका, हा आपला पॅलेट. मांडव, फुलं, पाहुण्यांचे कपडे, सगळं यातच. उन्हाळा आहे ना, डोळ्यांना थंड पाहिजे." मी तो आईला दाखवला. तिने चष्मा लावून पाचही चौकोन निरखले आणि विचारले, "ह्यात लाल कुठंय रं?" थोड्या वेळाने तीच पुढे म्हणाली, "आमच्या वेळी लुगड्याचा रंग कुणी इचारला न्हाई. दर इचारला."

आईचे पहिले वाक्य मला अपेक्षित होते. दुसऱ्याने विचारात पाडले. लग्नाचे रंग परंपरेने ठरवून दिलेले असतात असे आपण धरून चालतो, पण ते रंग कापडावर चढवायचे कोणी, कशाने आणि किती पैशांत, हा इतिहास क्वचितच कोणी सांगतो.

विधीने ठरवलेले थोडेच होते. हळद लागली की पिवळे, लग्नघटकेला वधूच्या अंगावरचे पिवळे वस्त्र, त्याला अष्टपुत्री म्हणतात, कारण नावातच आठ पुत्रांचा आशीर्वाद आहे, हातात हिरवा चुडा, कपाळाला कुंकू. काळा वर्ज्य, मात्र मंगळसूत्राचे मणी काळेच. त्याच नवरीला पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा हौसेने नेसवतात, म्हणजे काळ्याशी वैर असे नाहीच, ते फक्त मांडवापुरते. यातले कुंकू मुळात हळदच. हळदीत चुना किंवा टाकणखार गेला की ती लाल होते. पिवळ्यातून लाल काढायची ही युक्ती आपल्या बायकांना घरबसल्या ठाऊक होती. कापडाचा लाल मात्र घरात होत नसे.

त्यासाठी शेतात जावे लागते. परंडा, भूम, बार्शी हा सगळा शाळूचा मुलूख. (शाळू पिकवायचा आणि शालू विकत आणायचा, असे आमच्याकडचे अर्थशास्त्र.) पूर्वी शाळूच्या रानाला कडेने करडईचे तास असत. करडई काटेरी, तेव्हा गुरे आत शिरत नाहीत. बियांचे तेल घरात येते. या करडईच्या फुलाच्या पाकळ्या म्हणजे कुसुंबा. फूल उमलते तेव्हा पिवळे किंवा नारिंगी असते, कोमेजताना लाल होत जाते, आणि तेव्हाच ते खुडायचे. खुडणी पहाटे, दव असेपर्यंत. काटे तेवढ्या वेळापुरते मऊ असतात. बी धरून झालेले असल्याने पाकळ्या काढल्या तरी तेलाचे नुकसान नाही. माघ-फाल्गुनात पाकळ्या हातात आल्या, सुगी आटोपली, धान्य घरात पडले की चैत्र-वैशाखात लग्ने. नवरीचा लाल त्याच हंगामात त्याच बांधावरून येई.

रंग काढण्याची रीत उलटसुलट आहे. कुसुंब्यात पिवळा रंग भरपूर आणि लाल अगदी कमी, वजनाच्या जेमतेम अर्धा टक्का. पिवळा साध्या पाण्यात सुटतो, म्हणून पाकळ्या फडक्यात बांधून पाणी स्वच्छ येईपर्यंत तुडवायच्या आणि ते सगळे पिवळे पाणी ओतून द्यायचे. मग सज्जीखार किंवा पापडखार घालून मळायच्या. आता लाल पाण्यात उतरतो, पण काळपट, मळकट दिसतो. त्यात लिंबू पिळले की क्षणात रंग उजळतो आणि कापड तो धरते. तुरटी लागत नाही. जास्त बुड्या दिल्या तर गर्द कुसुंबी, कमी दिल्या तर गुलाबी. भावसार रंगारी आणि मुसलमान रंगरेज हे दोघेही हेच काम करत. लुगड्यांइतकेच पागोटीही त्यांच्याकडे जात. छत्रपती संभाजीनगरात रंगारगल्ली हे नाव अजून आहे.

आता या रंगाचा स्वभाव पाहा. खाराने सुटलेला रंग खारानेच पुन्हा सुटतो. साबण लागला की गेला. उन्हाने विटतो, घामाने डागाळतो. म्हणजे चाळीस अंशांच्या वैशाखात, भर दुपारच्या मुहूर्ताला, हळदीने माखलेल्या घामेजल्या अंगावर नेसवायला याहून गैरसोयीचा लाल शोधून सापडला नसता. हळदीत रंगवलेले पिवळेही तसेच, चार उन्हांत पांढरे पडणारे. हिरवे कापड निळीत बुडवून मग हळदीत काढत, त्यामुळे त्यातली हळद आधी उडे आणि लुगडे हळूहळू निळसर होई. नवरीच्या अंगावरचे रंग वर्षभरात फिके पडायचे हे सर्वांना माहीत होते. विटलेले लुगडे रंगाऱ्याकडे जाई आणि नवे होऊन येई. रंग टिकला नाही तर कपड्याला दोष कोणी देत नसे. रंगाऱ्याचे पोट त्यावर होते.

टिकाऊ लाल नव्हता असे नाही. आल नावाच्या झाडाच्या मुळांचा लाल विदर्भ-खानदेशात पिकत असे. तो पक्का, पण मुळे खणायला तीन-चार वर्षे थांबायचे, तुरटी हवी, आणि रंग विटकरीकडे झुकणारा. राबताना नेसायच्या जाड्याभरड्यासाठी तो. लालातही असे वर्ग होते. सर्वांत विदारक लाल ब्राह्मण विधवेच्या अंगावरचा, म्हणजे आलवण. त्यामुळे लाल म्हणजे सौभाग्य हे समीकरण वाटते तितके सरळ नाही. काठ, जर आणि पोत पाहिल्याशिवाय लालाचा अर्थ लागत नसे.

ही सारी व्यवस्था मोडली ती दूर युरोपात. 1859 मध्ये फ्रान्समध्ये मॅजेंटा तयार झाला. आपला राणी रंग त्याच्याच जातीचा. 1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अलिझरीन प्रयोगशाळेत बनवले आणि पक्का लाल डब्यातून येऊ लागला. 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. आलीची लागवड थोड्या दशकांत संपली. करडई तेलामुळे तगली, पण पाकळ्या झाडावरच वाळू लागल्या. रंगाऱ्यांची मुले शिवणकामात, दुकानदारीत गेली. पक्क्या रंगाचे कौतुक करताना हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

परंड्यात या बदलाला एक सीमाही होती. गाव निजामाच्या मुलखात, बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. इतिहासात परंडा मोठे. 1600 मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला इथेच गादीवर बसवले आणि आपली मुलगीही त्याला दिली. पण विसाव्या शतकातल्या परंडेकराला लग्नाचा बस्ता बांधायला बार्शीच गाठावी लागे. तिथे 1897 पासून बार्शी लाइट रेल्वे होती, गिरणीचा माल येत होता. अडचण पैशाची. आमच्याकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. सहा कलदारांना सात हाली हा ठरीव दर. परतताना करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाची जकात, साधारण शेकडा पाच. दर विचारला असे आई म्हणाली, त्यात लुगड्याच्या किमतीबरोबर हे दोन्ही हिशेब आले. सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आले, तरी जुनी माणसे बार्शीला जाणे म्हणजे तिकडं इंग्रजीत जाणे असेच म्हणत राहिली.

त्या बस्त्यात हमखास असे ते इरकल. त्याचा पदर लाल, पांढऱ्या नक्षीचा. अंग कोणत्याही रंगाचे असो, पदर तोच. निवड करायची ती अंगाच्या रंगाची: डाळिंबी, मोरपंखी, पोपटी. मला ही सोय फार शहाणपणाची वाटते. ज्यावर घरात वाद होईल ते विणकराने आधीच ठरवून टाकले आणि बाईच्या हौसेला उरलेले लुगडे मोकळे सोडले. आणि फिके रंग आपल्याला नवे आहेत असेही नाही. मोतिया, पिस्तई, बदामी, अबोली, खसखशी ही नावे कपड्यांसाठी जुनीच आहेत. पुतणीचे पाचही चौकोन यांत बसतात; फक्त तिला ती नावे कोणी सांगितली नव्हती.

रंग खऱ्या अर्थाने कोणी निवडला असेल तर तो वेगळ्याच मांडवात. 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध विवाहपद्धती रूढ झाली आणि वधू-वर दोघेही पांढऱ्या वस्त्रांत उभे राहू लागले. मराठीत पांढरे कपाळ हा शब्द कशासाठी आहे ते सर्वांना माहीत आहे. ज्या रंगाला लग्नात उभे राहायची मनाई, तोच अंगावर घ्यायचा, हळद-अंतरपाट बाजूला ठेवायचे, यासाठी जी छाती लागली ती मोबाइलवर चौकोन पाठवायला लागत नाही. मराठवाड्याच्या उन्हात ते पांढरे डोळ्यांना थंडही वाटते, पण ते कारण त्यांच्या मनात शेवटचे असणार.

फाल्गुनात मी शेजाऱ्याच्या रानातून ओंजळभर कुसुंबा आणून जुने सुती उपरणे रंगवून पाहिले होते. पिवळे पाणी तीन बादल्या गेले. पापडखार घातल्यावर पाणी गढुळले तेव्हा बिघडले असेच वाटले. लिंबाचे थेंब पडताच त्यात जो गुलाबी फुटला तो पाहायला आई काठी टेकत मोरीपर्यंत आली. तिला तो रंग आठवत होता. तिच्या आजीच्या पेटीत असे एक पातळ होते म्हणे, कायम घडी घातलेले, कधी न धुतलेले.

पुतणीने ते उपरणे पाहिले, मोबाइलवरच्या गुलाबी चौकोनाशी ताडून पाहिले आणि मागून घेतले. सप्तपदीच्या वेळी नवरा-नवरीची गाठ त्यानेच बांधली. मांडवातल्या एका दुपारीत त्याची उन्हाकडची बाजू फिकी झाली होती. ते धुवायचे नाही एवढे मी तिला बजावून सांगितले आहे.