छोटा चश्मा : गोकुळधामचे कथासातत्य आणि लोकसंदर्भ

‘सोनी याय’ या मुलांच्या वाहिनीवर एप्रिल २०२१ मध्ये सुरू झालेली हिंदी विनोदी ॲनिमेशन मालिका. पूर्ण नाव ‘तारक मेहता का छोटा चश्मा’. सब वाहिनीवर २८ जुलै २००८ पासून चालू असलेल्या ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ या मालिकेचे हे मुलांसाठी केलेले रूप. मुंबईत गोरेगाव पूर्वेला पावडर गल्लीत वसलेली गोकुळधाम सोसायटी ही दोन्ही मालिकांची काल्पनिक भूमी. जेठालाल गडाचे कच्छी गुजराती कुटुंब कथेच्या मध्यभागी असले, तरी मराठी प्रेक्षकाचे या सोसायटीशी नाते जुळते ते आत्माराम तुकाराम भिडे, माधवी आणि त्यांची मुलगी सोनू यांच्या घरामुळे.

अशा मालिकांचा विचार करताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. कालच्या भागात घडलेले आजच्या भागात कितपत लक्षात ठेवले जाते, हे झाले कथासातत्य. कथेबाहेरचे सिनेमे, गाणी, सण, माणसे आणि बातम्या कथेत कशा येतात, हे झाले लोकसंदर्भ. गोकुळधाममध्ये या दोन्हींची भरपूर उदाहरणे सापडतात.

उगम

या साऱ्याची सुरुवात कागदावर झाली. तारक मेहता (१९२९–२०१७) या गुजराती विनोदी लेखकाने ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात १९७१ मध्ये ‘दुनियाने ऊंधा चश्मा’ हे सदर सुरू केले आणि ते अनेक दशके चालले. २०१५ मध्ये मेहतांना पद्मश्री मिळाली. निर्माते असितकुमार मोदी यांनी सदरातली माणसे छोट्या पडद्यावर आणली आणि लेखकालाच निवेदक पात्र करून सोसायटीत राहायला ठेवले. सप्टेंबर २०२० मध्ये मालिकेने ३,००० भागांचा टप्पा ओलांडला. त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत लोकप्रिय हिंदी विनोदी आणि मारधाडपटांच्या ॲनिमेशन आवृत्त्या मुलांच्या वाहिन्यांवर रुळल्या होत्या : ‘लिटल सिंघम’ २०१८ मध्ये, ‘गोलमाल ज्युनियर’ २०१९ मध्ये. ‘छोटा चश्मा’ त्याच वाटेने आली. २०२३ मध्ये ती नेटफ्लिक्सवरही दाखल झाली.

वय वाढते की थांबते

वर्षानुवर्षे चालणाऱ्या विनोदी कथेपुढे पहिला प्रश्न वयाचा असतो. मराठीत त्याची दोन उत्तरे आधीपासून आहेत. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाचा संसार पुस्तकागणिक वाढत जातो. लग्न होते, मुले होतात, मुलांच्या खोड्यांवर नव्या गोष्टी उभ्या राहतात. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ साकारले, तेव्हा प्रेक्षकांना हे घर आधीच पाठ होते. याउलट चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये अवतरला आणि त्याच वयाचा राहिला. त्याचे पहिले वाचक आईबाप झाले, तरी चिंटूचा गृहपाठ काही संपला नाही.

‘उल्टा चश्मा’त दोन्ही उत्तरे एकाच वेळी दिसतात. जेठालालचा मुलगा टप्पू आणि त्याच्या मित्रांची टप्पूसेना डोळ्यांदेखत मोठी झाली, शाळेतून महाविद्यालयात गेली. मोठी माणसे मात्र होती तिथेच आहेत. पत्रकार पोपटलाल ‘तूफान एक्स्प्रेस’मध्ये नोकरी करतो, छत्री जवळ बाळगतो आणि त्याचे लग्न काही ठरत नाही. जेठालाल गडा इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यावरच आहे. मुलांचा काळ पुढे सरकतो, वडीलधाऱ्यांचा सरकत नाही.

ॲनिमेशनने हा पेच सोडवला तो काळच मागे नेऊन. ‘छोटा चश्मा’तला टप्पू पुन्हा शाळकरी झाला, सोसायटीच्या पटांगणातले त्याचे उपद्व्याप नव्याने सुरू झाले. जेठालालची बायको दयाबेनही परतली. दिशा वकानी यांनी २०१७ मध्ये मूळ मालिकेतून रजा घेतली, त्यानंतर दया माहेरी अहमदाबादला असल्याचे कथेत सांगितले जात राहिले. चित्रातली दया मात्र घरात आहे आणि तिचा गरबाही चालू आहे. एकाच कथाविश्वाच्या दोन रूपांत एक घर भरलेले आणि दुसरे वाट पाहणारे, अशी ही दुर्मीळ स्थिती आहे.

अमेरिकेतल्या ‘द सिम्पसन्स’ने (पहिला भाग १७ डिसेंबर १९८९) वय गोठवण्याची पद्धत कमालीची काटेकोरपणे पाळली. बार्ट दहा वर्षांचा, मॅगी तान्हीच. त्यातही काही घटना कायमच्या ठरल्या : २००० मध्ये शेजारीण मॉड फ्लँडर्सचा मृत्यू झाला आणि तिचा नवरा नेड पुढची अनेक वर्षे विधुर म्हणून वावरला. दुकानदार अपूने १९९७ मधल्या भागात मंजुळाशी लग्न केले, त्याला आठ मुले झाली, आणि तो बदल पुसला गेला नाही. म्हणजे कोणाचे वय वाढत नसले, तरी लग्न आणि मृत्यू यांची नोंद ठेवली जाते.

चेहरे बदलतात तेव्हा

माणसांनी साकारलेल्या मालिकेत सातत्याची खरी कसोटी कलाकार सोडून जातात तेव्हा लागते. डॉ. हाथी आधी निर्मल सोनी होते, मग कवी कुमार आझाद आले. जुलै २०१८ मध्ये आझाद यांचे निधन झाल्यावर सोनीच परत आले. भिडेंची सोनू झील मेहता, निधी भानुशाली आणि पलक सिंधवानी यांच्या रूपांत वाढली. टप्पूची भूमिका भव्य गांधीकडून राज अनाडकटकडे गेली. गडा इलेक्ट्रॉनिक्समधले नट्टूकाका म्हणजे घनश्याम नायक. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी ते गेले आणि पुढच्या वर्षी किरण भट यांनी ती खुर्ची घेतली. शैलेश लोढा यांच्या जागी सचिन श्रॉफ तारक मेहता झाले.

यातल्या बहुतेक वेळी पात्राचे नाव, नातेसंबंध आणि लकबी तशाच ठेवल्या गेल्या. प्रेक्षक नव्या चेहऱ्यात जुने माणूस शोधतो, आणि लकब नेमकी असेल तर त्याला ते सापडते. ‘सिम्पसन्स’ने काही वेळा उलटा निर्णय घेतला. फिल हार्टमन यांचा १९९८ मध्ये मृत्यू झाल्यावर त्यांच्या आवाजातली दोन पात्रे निवृत्त झाली, आणि २०१३ मध्ये मार्शा वॉलेस गेल्यावर बार्टची शिक्षिकाही. ॲनिमेशनमध्ये चित्र म्हातारे होत नाही. आवाज मात्र माणसाचाच असतो.

पडद्यामागची काही नाती कथेला वेगळा आधार देतात. दयाचा भाऊ सुंदर साकारणारे मयूर वकानी हे दिशा वकानींचे सख्खे भाऊ. बापूजी चंपकलालच्या भूमिकेतले अमित भट वयाने पडद्यावरच्या मुलाहून, म्हणजे जेठालाल साकारणाऱ्या दिलीप जोशींहून, लहान आहेत. आणि तमिळ शास्त्रज्ञ अय्यरच्या भूमिकेत आहेत मध्य प्रदेशातल्या देवासचे मराठी भाषक तनुज महाशब्दे.

भिडेंचे घर

मंदार चांदवडकर यांचे भिडे मास्तर घरी शिकवण्या घेतात आणि सोसायटीचे ‘एकमेव’ सेक्रेटरी म्हणून मिरवतात. सोनालिका जोशींची माधवी लोणची-पापडाचा घरगुती व्यवसाय चालवते. भिडेंची स्कूटर ‘सखाराम’ या नावाने ओळखली जाते आणि घरातल्या माणसाइतकी जपली जाते. ‘आमच्या जमान्यात’ हे पालुपद, टप्पूसेनेच्या चेंडूपासून खिडकीच्या काचा वाचवण्याची धडपड, मेंटेनन्सवरून जेठालालशी उडणारे खटके : हे तपशील वर्षानुवर्षे तसेच येत राहिले.

यातला सर्वांत बोलका तपशील सोसायटीच्या आवारातला फळा. त्यावर भिडे सकाळी खडूने सुविचार लिहितात आणि येणारा-जाणारा तो वाचतो. फळ्यावरचा मजकूर रोज पुसला जातो, फळा मात्र जागचा हलत नाही. भांडणाची सुरुवात तिथे होते, वर्दी तिथे लागते, समेटही तिथेच होतो. कथेतली सगळी घरे एकत्र आणण्यासाठी एवढे साधे साधन लेखकांनी निवडले आणि टिकवले, ही कारागिरी दाद देण्याजोगी आहे.

ठाण्यात नौपाड्यातल्या वाचकाला हे घर ओळखीचे वाटते त्याला सबळ कारण आहे. गोखले रोड, राम मारुती रोड आणि घंटाळीच्या आसपासच्या जुन्या तीन-चार मजली इमारती आता एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत, पण तिथल्या सोसायटीचा कारभार भिडेंसारख्यांनीच सांभाळला. दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला की आत शिकवणी चालू आहे हे समजावे. दिवाळीच्या आधी चकली-चिवड्याच्या मागण्या घ्यायच्या, जिन्याखाली लावलेल्या स्कूटरवर कापड टाकायचे, काचेच्या पेटीतल्या सूचनाफलकावर थकबाकीदारांची यादी लावायची. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार चालणाऱ्या गृहनिर्माण संस्थेत सचिवाला इतिवृत्त लिहावे लागते, नोटिसा काढाव्या लागतात आणि आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा भरवावी लागते. विनामूल्य आणि बऱ्याचदा शिव्या खाऊन केले जाणारे हे काम. भिडेंच्या आग्रही स्वभावामागे या पदाचा भार आहे, आणि मालिकेने तो आदराने दाखवला आहे.

लोकसंदर्भ : सण, सिनेमा आणि दोन चुका

गोकुळधामचे कॅलेंडर बाहेरच्या जगाशी बांधलेले आहे. गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी, होळी त्या-त्या महिन्यात सोसायटीत साजरे होतात; गणपतीत भिडेंच्या घराला मान असतो. हिंदी सिनेमाचे कलाकार स्वतःच्या नावाने सोसायटीत येऊन जातात. २०१३ मध्ये शाहरुख खान ‘चेन्नई एक्स्प्रेस’च्या निमित्ताने आला होता. कलाकार खरा, चित्रपट खरा, सोसायटी काल्पनिक. पण त्या भागात तिन्ही एकाच पातळीवर येतात. चंपकलालच्या बोलण्यातला भचाऊचा कच्छ, पोपटलालचे भोपाळ, दयाचे अहमदाबाद असे गावांचे संदर्भही पात्रांना कायमचे चिकटले आहेत.

बाहेरचे जग कथेत घेतले की त्याची जबाबदारीही घ्यावी लागते. मार्च २०२० मधल्या एका भागात सुविचार कोणत्या भाषेत लिहावा यावर चर्चा चालू असताना मुंबईची भाषा हिंदी असल्याचे वाक्य बापूजींच्या तोंडी आले. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या चित्रपट सेनेने हरकत घेतली. अमित भट यांनी लेखी माफी मागितली आणि मुंबईची भाषा मराठीच असल्याचे असितकुमार मोदींनी जाहीर केले. ज्या फळ्यापाशी एक मराठी माणूस इतकी वर्षे सुविचार लिहीत आला, तिथेच हे वाक्य उच्चारले गेले, म्हणून ते अधिक बोचले. मालिकेच्या स्वतःच्या इतिहासाशीही ते विसंगत होते.

दुसरी चूक एप्रिल २०२२ मधली. जुन्या गाण्यांवरच्या गप्पांत लता मंगेशकरांच्या ‘ऐ मेरे वतन के लोगो’ या गाण्याचे साल १९६५ असे सांगितले गेले. कवी प्रदीप यांचे शब्द आणि सी. रामचंद्रांचे संगीत लाभलेले हे गीत चीनशी झालेल्या युद्धानंतर, २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंतप्रधान नेहरूंसमोर गायले गेले होते. १९६५ सांगितले की त्यामागचे युद्धच बदलते. निर्मात्यांनी समाजमाध्यमांवर दिलगिरी व्यक्त करून साल १९६३ असल्याचे स्पष्ट केले. लतादीदींना जाऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

इतर रूपे

गोकुळधामची मराठी भाषांतरित आवृत्ती ‘गोकुळधामची दुनियादारी’ या नावाने ‘फक्त मराठी’ वाहिनीवर २०१९ मध्ये सुरू झाली. मूळ हिंदी मालिकेत भिडे-माधवीचे अधूनमधून येणारे मराठी त्यांना शेजाऱ्यांपासून वेगळे काढते. मराठी आवृत्तीत सगळेच मराठी बोलतात. तिथे हे घर ओळखू येते ते सखाराम, शिकवण्या, लोणची आणि फळा यांच्यामुळे. ‘छोटा चश्मा’ पाहणाऱ्या लहान मुलांचेही असेच आहे. त्यांना सदर, साप्ताहिक किंवा बदललेले कलाकार ठाऊक नसतात; रेखाटलेल्या भिडेंना ती स्कूटरवरून आणि चढलेल्या आवाजावरून ओळखतात. मोठ्या मालिकेने तेरा वर्षे जपलेले तपशील चित्रकारांच्या हाती तयार आले आणि त्यांनी ते पात्रांच्या आकारात, रंगांत आणि हालचालींत उतरवले.

चिमणराव आणि चिंटू यांच्याकडेही असे तपशील विपुल आहेत. गुंड्याभाऊचा दांडगेपणा, काऊचा संसार, चिंटूचे मित्र पप्पू, मिनी आणि बगळ्या यांची ठाशीव व्यक्तिचित्रे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ओळखली जातात. ‘चिंटू’वर २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी माणसांचा चित्रपट केला आणि पुढच्या वर्षी त्याचा दुसरा भागही आला. दीर्घ पल्ल्याच्या मराठी ॲनिमेशन मालिकेसाठी लागणारी घरे, शेजार आणि लकबी या दोन्ही कथाविश्वांत आधीच रचून ठेवलेल्या आहेत.