आय.एन.एस. खुकरी : युद्धसेवा, जलसमाधी आणि लोणावळ्याच्या नौदल प्रशिक्षण परंपरेचा संदर्भ

प्रस्तावना

मावळ तालुक्याचा इतिहास म्हटला की लोहगड, विसापूर, कार्ले-भाजे ही नावे प्रथम पुढे येतात. समुद्रापासून दूर असलेल्या या डोंगराळ मुलखाचा भारतीय नौदलाशी असलेला संबंध मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. दुसरे महायुद्ध सुरू असताना, १५ फेब्रुवारी १९४५ रोजी लोणावळा येथे 'शिवाजी' ही नौदल प्रशिक्षण संस्था कार्यान्वित झाली. नौदलाच्या यांत्रिकी शाखेचे शिक्षण येथे दिले जाऊ लागले आणि प्रजासत्ताकाच्या स्थापनेनंतर ती आय.एन.एस. शिवाजी या नावाने ओळखली जाऊ लागली. बॉयलर, टर्बाइन आणि पंप यांची विद्या शिकविणाऱ्या या परंपरेच्या संदर्भात १९७१ च्या युद्धात बुडालेल्या 'खुकरी' या युद्धनौकेच्या इतिहासाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नौकेची जडणघडण

खुकरी ही इंग्लंडमधील काऊज येथे बांधलेली पाणबुडीविरोधी फ्रिगेट होय. १९५६ मध्ये तिचे जलावतरण झाले व १९५८ मध्ये ती नौदलात दाखल झाली. 'कृपाण' आणि 'कुठार' या तिच्या भगिनी नौका. ब्रिटिश नौदलाने १९५० च्या दशकात व्यापारी तांड्यांच्या संरक्षणासाठी, कमी खर्चात व अल्पावधीत बांधता येतील अशा नौकांचा हा वर्ग विकसित केला होता. खर्च मर्यादित ठेवण्यासाठी तीवर एकच प्रॉपेलर व हलक्या तोफा बसविण्यात आल्या. पाणबुडीविरुद्ध तिची मुख्य साधने दोनच होती : सोनार आणि पाण्याखाली स्फोट घडविणाऱ्या उखळी तोफा. दशकभरानंतर पाणबुड्यांचे तंत्र बरेच पुढे गेले. या नौकांचे सोनार मात्र जुन्याच पिढीचे राहिले.

१९७१ चे युद्ध

डिसेंबर १९७१ मध्ये युद्धास तोंड फुटले तेव्हा या तिन्ही नौका मुंबईस्थित पश्चिम ताफ्याच्या चौदाव्या फ्रिगेट पथकात होत्या. युद्धाच्या प्रारंभीच कुठारच्या बॉयलर कक्षात स्फोट झाला आणि तिला मुंबईस परत आणावे लागले. त्यामुळे पथकाचे बळ दोन नौकांवर आले. पाकिस्तानची 'हंगोर' ही फ्रेंच बनावटीची डाफ्ने वर्गाची पाणबुडी सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वावरत असल्याचे संकेत मिळताच तिच्या शोधासाठी खुकरी व कृपाण यांना धाडण्यात आले. पथकाचे नेतृत्व खुकरीचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्याकडे होते.

हंगोरची श्रवणक्षमता या दोन्ही नौकांपेक्षा कितीतरी अधिक होती. ही उणीव भरून काढण्यासाठी सोनारचा पल्ला वाढविणारे एक प्रायोगिक उपकरण खुकरीवर बसविले होते. त्याच्या उपयोगासाठी वेग कमी ठेवणे आवश्यक होते. वास्तविक पाणबुडीच्या क्षेत्रात वेग व वारंवार दिशाबदल हेच नौकेचे संरक्षण असते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर हंगोरने कृपाणवर पहिला टॉर्पेडो सोडला. तो स्फोट न होताच निघून गेला. दुसरा टॉर्पेडो खुकरीवर आदळला आणि काही मिनिटांतच ती बुडाली. १८ अधिकारी व १७६ खलाशी, एकूण १९४ जणांना वीरमरण आले. ६७ जण वाचले; दुसऱ्या दिवशी कृपाण व 'कच्छल' या नौकांनी त्यांची सुटका केली. कप्तान मुल्ला यांनी सहकाऱ्यांना बाहेर काढले, स्वतः मात्र नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र प्रदान करण्यात आले.

चिकित्सा

खुकरीची स्मृती प्रामुख्याने कप्तानाच्या आत्मार्पणाभोवती गुंफली गेली आहे. ते आत्मार्पण निःसंशय वंदनीय आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला एवढ्यावर थांबता येत नाही. मंद वेगाचा निर्णय योग्य होता काय, याविषयी नौदलाच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. तो निर्णय केवळ व्यक्तीच्या धाडसाशी वा चुकीशी जोडणे अपुरे ठरते. जुन्या सोनारचा पल्ला वाढवावा तर वेग घटतो, आणि वेग राखावा तर शत्रू ऐकू येत नाही, अशा पेचात ती नौका उतरविली गेली होती. हा पेच साधनसामग्रीच्या विषमतेतून निर्माण झाला होता.

लोणावळ्याच्या प्रशिक्षण परंपरेचा संदर्भ येथे महत्त्वाचा ठरतो. आग विझविणे, शिरलेले पाणी थोपविणे, निकामी यंत्र पुन्हा सुरू करणे हे शिक्षण तेथे दिले जाते. या साऱ्या विद्येला आघातानंतर काही अवधी हवा असतो. खुकरीला तो मिळाला नाही. पाण्याच्या पातळीखालील यंत्रकक्षांत काम करणाऱ्यांना वर येण्यासाठी तर त्याहूनही कमी वेळ होता.

निष्कर्ष

दीव येथे १९९९ मध्ये खुकरीचे स्मारक उभारण्यात आले. तिचेच नाव धारण करणारी, मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली दुसरी नौका १९८९ ते २०२१ या काळात सेवेत होती. अशा रीतीने खुकरीचे नाव जतन झाले आहे. तिच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा की, नौकेचे रक्षण आघातानंतरच्या शौर्यावर अवलंबून ठेवता येत नाही. त्याची तयारी यंत्रशाळेत, प्रशिक्षणात आणि साधनांच्या वेळीच केलेल्या नूतनीकरणात व्हावी लागते. त्या १९४ जणांच्या बलिदानाचे मूल्यमापन या दृष्टीनेही होणे आवश्यक आहे.