रविवारचे पाठ कोण ठरवते? ख्रिस्ती उपासनेतील सामायिक वाचनसूची

३० नोव्हेंबर २०२५ हा आगमनकाळाचा पहिला रविवार होता. त्या दिवशी वसईच्या मराठी मिस्सेसाठी, गोव्यातील कोकणी मिस्सेसाठी आणि इंग्लंडमधील अँग्लिकन उपासनेसाठी नेमलेला पहिला पाठ एकच होता. यशयाच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीचा तो उतारा. राष्ट्रे आपल्या तलवारी मोडून त्यांचे नांगराचे फाळ करतील, हे भविष्यकथन त्यात येते. स्तोत्रही एकच, १२२ वे. शुभवर्तमानात तेवढा एका वचनाचा फरक होता : मत्तयच्या चोविसाव्या अध्यायातील उतारा कॅथलिक सूचीत सदतिसाव्या वचनापासून सुरू होतो, अँग्लिकन सूचीत छत्तिसाव्या.

या जुळणीमागे वाचनसूची, म्हणजेच ‘लेक्शनरी’, आहे. कोणत्या रविवारी बायबलमधील कोणते उतारे वाचावयाचे हे ती आधीच ठरवून देते. साधारणपणे चार पाठ असतात : जुन्या करारातील एक, एक स्तोत्र, प्रेषितांच्या पत्रांतील एक आणि अखेरीस शुभवर्तमान. चक्र तीन वर्षांचे असते. ‘अ’ वर्षात मत्तय, ‘ब’ वर्षात मार्क आणि ‘क’ वर्षात लूक यांची शुभवर्तमाने क्रमाने वाचली जातात. योहानासाठी स्वतंत्र वर्ष नाही. त्याचे उतारे मुख्यत्वे उपवासकाळात आणि पुनरुत्थानकाळात येतात, शिवाय मार्कचे शुभवर्तमान आखूड असल्याने ‘ब’ वर्षातील काही रविवारही त्याच्याकडे जातात. वर्ष ओळखण्याची खूण सोपी आहे. ज्या सनाला तीनने भाग जातो ते ‘क’ वर्ष. मात्र हे वर्ष जानेवारीत नव्हे, तर आदल्या नोव्हेंबर-डिसेंबरमधील आगमनकाळात सुरू होते. त्यानुसार सध्याचे, २०२६ चे, वर्ष ‘अ’ आहे.

ठरलेले पाठ वाचण्याची प्रथा ख्रिस्ती धर्माहून जुनी आहे. यहुदी सभास्थानांत तोराहचे क्रमशः वाचन होते आणि येशूने नासरेथच्या सभास्थानात यशयाचे पुस्तक वाचल्याचे लूक सांगतो. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजाच्या सभास्थानांतही शब्बाथला तोराहचा नेमलेला भाग वाचण्याची परंपरा आहे. ख्रिस्ती सुधारणाकाळात मात्र या प्रथेला तडा गेला. १ जानेवारी १५१९ रोजी झुरिकमध्ये उल्‍रिख झ्विंगली याने नेमलेले उतारे बाजूला ठेवून मत्तयच्या पहिल्या अध्यायापासून सलग प्रवचने सुरू केली. ल्यूथरने जुनी सूची बहुतांशी कायम ठेवली. नेमून दिलेला पाठ की उपदेशकाने निवडलेला, हा प्रश्न तेव्हापासून प्रॉटेस्टंट पंथांत जिवंत आहे. बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत आजही बहुधा पाळकच उतारा निवडतो.

आजच्या चक्राचा उगम दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत आहे. विश्वासणाऱ्यांसाठी बायबलचे भांडार अधिक उदारपणे खुले करावे, असे परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात म्हटले. तोवर एकाच वर्षाचे चक्र होते आणि रविवारी जुना करार जवळजवळ ऐकूच येत नसे. १९६९ मध्ये त्रिवार्षिक सूची प्रसिद्ध झाली. पुढे जे घडले ते अनपेक्षित होते : उत्तर अमेरिकेतील प्रॉटेस्टंट चर्चनी ही रोमन सूची आपापल्या गरजेप्रमाणे बदलून स्वीकारली. तिची अनेक रूपे झाल्यावर, त्यांचा मेळ घालण्यासाठी कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट तज्ज्ञांच्या संयुक्त समितीने १९८३ मध्ये ‘कॉमन लेक्शनरी’ आणि अनुभवान्ती १९९२ मध्ये ‘रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरी’ तयार केली. ही सुधारित सूची रोमने मात्र अधिकृतपणे स्वीकारलेली नाही. जिच्यापासून आरंभ झाला ती सूची वेगळीच राहिली.

भारतातील चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. लॅटिन परंपरेच्या कॅथलिक धर्मप्रांतांत मराठी, कोकणी, तमिळ वा इंग्रजी, भाषा कोणतीही असो, पाठ तेच असतात. मुंबईच्या एखाद्या धर्मग्रामात सकाळपासून तीन भाषांत मिस्सा झाली, तरी शुभवर्तमान बदलत नाही. केरळच्या सिरो-मलबार चर्चचे उपासनावर्ष पूर्व सिरियाक परंपरेतील ऋतूंनुसार चालते. दक्षिण भारत चर्च प्रत्येक रविवारला एक विषय देऊन त्याला जुळणारे पाठ स्वतः नेमते. त्यामुळे एकाच गल्लीतील दोन चर्चमध्ये एकाच रविवारी निराळे उतारे ऐकू येणे येथे अगदी स्वाभाविक आहे.

सूचीचा सर्वांत मोठा लाभ असा, की उपदेशकाला आवडत्या दहा-बारा उताऱ्यांभोवती घुटमळता येत नाही. अवघड वचन समोर आले की त्यावर बोलावेच लागते. पण निवडीचा अधिकार नाहीसा होत नाही. तो सूची करणाऱ्यांकडे जातो. घरी बायबल न वाचणाऱ्या भाविकासाठी जे रविवारी वाचले जात नाही, ते जणू लिहिलेलेच नसते.

स्त्रियांच्या कथांबाबत हा आक्षेप सर्वाधिक तीव्रतेने घेतला गेला. इब्री मुलगे जन्मताच मारून टाकण्याची फारोची आज्ञा शिप्रा आणि पुवा या सुइणींनी मोडली, असे निर्गमच्या पहिल्या अध्यायात आहे. कॅथलिक सूचीत हा अध्याय एका साध्या दिवशी येतो, पण सुइणींची वचने वगळून. अठरा वर्षे कंबरेत वाकलेल्या स्त्रीला येशूने बरे केल्याची लूकमधील कथाही तेथे रविवारी नाही, आठवड्यातील वारी आहे. सुधारित सूचीने दोन्ही कथा रविवारी आणल्या. सुइणींची कथा ‘अ’ वर्षात येते. २०२६ मध्ये तिचा रविवार २३ ऑगस्टचा आहे.

दुसरा वाद जुन्या करारासंबंधी आहे. रोमन सूचीत जुन्या करारातील उतारा सामान्यतः त्या दिवसाच्या शुभवर्तमानाशी जुळेल असा निवडला जातो. परिणामी अब्राहाम, मोशे, दावीद यांच्या कथा तुकड्यातुकड्यांनी कानावर पडतात आणि इब्री शास्त्र हे नव्या कराराची केवळ प्रस्तावना भासते, अशी टीका होते. सुधारित सूचीने पेंटेकॉस्टनंतरच्या महिन्यांसाठी दोन मार्ग ठेवले आहेत : एक शुभवर्तमानाशी जुळणाऱ्या पाठांचा, दुसरा जवळपास सलग कथनाचा. सलग मार्गात ‘अ’ वर्षी उत्पत्तीपासून पुढची कथा, ‘ब’ वर्षी दावीद व शलमोन आणि ‘क’ वर्षी संदेष्टे येतात. शिप्रा आणि पुवा भेटतात त्या याच मार्गावर. पहिला मार्ग निवडणाऱ्या मंडळीला तो रविवार त्यांच्याविनाच जातो.