वाहते पाणी आणि तीन ओळी

तंजावरजवळचे तिरुवैयारु हे कावेरीकाठचे पंचनद क्षेत्र. मराठ्यांच्या राजवटीत येथे संत त्यागराज (१७६७–१८४७) राहत असत. असावेरी रागातील एका तेलुगू कृतीत त्यांनी कावेरीची पालटती रूपे टिपली : कुठे भयंकर गर्जणारी, कुठे करुणेने भरलेली, आपपर न पाहता सर्वांना देणारी. त्यापूर्वी जपानमध्ये बाशो (१६४४–१६९४) यांनी निसर्गातील निसटते क्षण सतरा अक्षरांच्या हायकूत पकडले होते. विसाव्या शतकात शिरीष पै यांनी हा तीन ओळींचा काव्यप्रकार मराठीत रुजवला. कृती गायची, हायकू मनाशी वाचायचा. डोळसपणा दोन्हींत सारखाच. हायकू लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणूनच नदीकाठी प्रथम स्वस्थ उभे राहावे. पाहणे पुरते झाले, की तीन ओळी पुरतात.