घाटातली माणसे आणि कादंबरीकार

भुशीचे धरण आपण ओळखतो ते पावसाळ्यातल्या गर्दीमुळे. ते बांधले रेल्वेने, इंजिनांना पाणी हवे म्हणून. ती इंजिने जो बोरघाट चढत, त्याच्या बांधणीवर माझा एक तरुण मित्र कादंबरी लिहीत आहे. हस्तलिखित त्याने मजकडे आणले. माझी शाळा बेताचीच. परंतु कामगार चळवळीत जन्म गेल्यामुळे हजेरीपट आणि पगारपत्रक मला नीट वाचता येते.

घाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ च्या एप्रिलात मार्ग खुला झाला. बोगदे २५. १८६१ च्या जानेवारीत तर ४२,००० माणसे कामावर होती. त्याआधी, १८५९ च्या जानेवारीत, मजुरांनी दंगा केला व त्यात एक युरोपियन मारला गेला. मित्राच्या कादंबरीत हा दंगा साहेबाने एका मजुरणीवर हात टाकल्यामुळे पेटतो. प्रसंग रंगला आहे खरा. पण कागदपत्रे सांगतात की मजुरी थकली होती. फॅव्हिएल या कंत्राटदाराने मार्चमध्ये काम सोडले. पुढच्याच वर्षी रेल्वे-कालव्यांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने लवकर निकालात काढावेत असा कायदा झाला.

मी म्हटले, “अरे बाबा, थकलेली मजुरी तुला कमी पडली काय? वाणी उधारी बंद करतो, मुकादम ‘उद्या’ म्हणतो, पोर भाकरीसाठी रडते. मी हे पाहिले आहे. यात साहेबाची थप्पड कशाला हवी?”

मग त्याने फोटो काढले. फॅव्हिएलनंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच वारला. कंत्राट त्याची पत्नी ॲलिस हिने पुढे चालवले, आणि कामाची छायाचित्रेही तिने घेतली. कमानी, कातळ कसे लख्ख आले आहेत! परंतु त्या काळी फोटोला कित्येक सेकंद लागत. स्तब्ध उभा राहिला तो स्पष्ट उमटे. हात चालू ठेवणारा पुसट होई. (मालकाच्या घरचा कॅमेरा, हेही विसरू नये.) पटकीने गेलेले तर चौकटीबाहेरच राहिले. अशा पुसट माणसाला नाव, गाव, बायकोपोरे देण्याचा अधिकार कादंबरीकाराचा, तो मी कोण काढून घेणार? त्याची मजुरी मात्र कागदात थकलेली आहे, ती कादंबरीतही थकलीच पाहिजे.

मित्राने थपडेचे पान अजून फाडलेले नाही. कोपरा तेवढा दुमडून ठेवला आहे.