बेझंटबाई आणि अदृश्याची ओढ

ॲनी बेझंट यांचे नाव निघाले की आपल्याकडे दोन गोष्टी आठवतात. एक होमरूलची चळवळ आणि दुसरी थिऑसफी. पहिलीबद्दल आदर वाटतो, दुसरीबद्दल जाणते लोक जरासे हसतात. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना मात्र बाईंची तिसरीच ओळख अगोदर झाली. लंडनच्या काड्यापेटीच्या कारखान्यातील मुलींनी १८८८ साली केलेला संप आमच्या चळवळीच्या इतिहासात पहिल्या धड्यांपैकी एक समजला जातो, आणि त्या मुलींच्या दुःखाला वाचा फोडली ती या बाईंनी. त्याच बाई संप मिटल्यानंतर दहा महिन्यांच्या आत थिऑसफिस्ट झाल्या, हे वाचले तेव्हा आम्हांला धक्का बसला. खरे सांगावयाचे तर रागच आला. जिने मजुरीचा हिशेब पै-पैचा मांडला, ती बाई महात्म्यांची पत्रे अदृश्यातून येतात यावर एकाएकी विश्वास ठेवू लागली कशी?

'एकाएकी' हा आमचा शब्द चुकीचा होता, हे पुढे वाचन वाढले तेव्हा ध्यानात आले.

बाईंचा जन्म १८४७ चा. विसाव्या वर्षी एका पाद्र्याशी लग्न झाले. १८७१ साली धाकटी मुलगी मेबल डांग्या खोकल्याने मरणाच्या दारी गेली. त्या तान्ह्या जिवाची तडफड रात्रंदिवस मांडीवर पाहताना, दयाळू म्हणविणारा ईश्वर हे कशाला घडवितो, हा प्रश्न बाईंच्या मनात शिरला तो शिरलाच. मुलगी वाचली, श्रद्धा गेली. १८७३ मध्ये नवऱ्याचे घर सुटले. १८७४ मध्ये त्या चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्या नास्तिक मंडळींत दाखल झाल्या, आणि संततिनियमनाची पुस्तिका छापल्याबद्दल १८७७ मध्ये दोघांवर खटला झाला. शिक्षा अपिलात रद्द झाली, पण दुसऱ्याच वर्षी न्यायालयाने मेबलला आईपासून काढून बापाच्या ताब्यात दिले. जिच्या दुखण्यापायी देव सोडला, ती मुलगी देव सोडल्यापायी गेली. हे लक्षात ठेवल्याशिवाय बाईंच्या पुढल्या आयुष्याचा न्याय करू नये, असे आम्हांला वाटते.

आता तो संप. ब्रायंट अँड मे ही कंपनी भागीदारांना शेकडा वीसहून अधिक नफा वाटते, हे बाईंनी एका सभेत ऐकले. लगेच त्या हर्बर्ट बरोज या सहकाऱ्याला घेऊन कारखान्याच्या फाटकाशी उभ्या राहिल्या आणि सुटलेल्या मुलींना विचारून विचारून माहिती टिपून घेतली. सोळा वर्षांच्या मुलीला आठवड्याला चार शिलिंग. पाय मळके दिसले तर तीन पेन्स दंड. फॉस्फरसच्या वाफेने जबड्याचे हाड सडे, ते वेगळेच. २३ जून १८८८ च्या 'द लिंक' साप्ताहिकात हे सारे आकड्यांनिशी छापून आले. हे खोटे आहे असे मुलींनी लिहून द्यावे, म्हणून मालकांनी दडपण आणले. मुलींनी सही केली नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुमारे चौदाशे जणी बाहेर पडल्या आणि दोन आठवड्यांच्या आत दंड रद्द करवून आत गेल्या. त्यांची युनियन निघाली, तिच्या पहिल्या चिटणीस बेझंटबाई.

आणि याच वर्षांत, रात्री दिवा लावून, बाई काय वाचीत होत्या? स्वप्ने, भास, वेड, संमोहन, परचित्तज्ञान! त्यांचे आत्मचरित्र १८९३ साली निघाले. त्यात त्यांनी स्वच्छ सांगितले आहे की १८८६ पासूनच आपले जडवादी तत्त्वज्ञान आपल्याला अपुरे वाटू लागले होते. त्या काळी हे वेडगळपणाचे लक्षण नव्हते. पॅरिसमधले नामांकित डॉक्टर संमोहनाचे प्रयोग करीत होते. अशा प्रकारांची छाननी करण्यासाठी लंडनला १८८२ मध्ये एक संशोधन संस्था निघाली होती, आणि तिच्यात विद्यापीठांतली माणसे होती. तारायंत्राने समुद्राखालून निरोप जात होते. हर्ट्झ यांनी तर तारेवाचून विद्युत्‌लहरी एका जागेहून दुसरीकडे पोचवून दाखविल्या होत्या. मग एका मनातले दुसऱ्या मनाला का पोचू नये, असे शहाण्या माणसालाही वाटावे असा तो काळ.

१८८९ मध्ये डब्ल्यू. टी. स्टेड या संपादकाने मादाम ब्लाव्हाट्स्की यांच्या 'द सीक्रेट डॉक्ट्रिन' या ग्रंथाचे दोन जाड खंड बाईंकडे परीक्षणासाठी दिले. ते वाचून त्या भारावल्या आणि बरोजनाच बरोबर घेऊन मादामच्या घरी गेल्या. कारखान्याच्या फाटकावर गेलेली जोडी ती हीच.

या मादाम मुंबईला नव्या नव्हत्या. १८७९ मध्ये त्या कर्नल ऑल्कॉटसह मुंबईस उतरल्या. थिऑसफिकल सोसायटीचे ठाणे १८८२ पर्यंत मुंबईतच होते, नंतर ते मद्रासजवळ अड्यारला गेले. तिथे एका देव्हाऱ्यात हिमालयापलीकडच्या महात्म्यांची पत्रे प्रकट होत. १८८४ मध्ये तिथल्याच कुलोंब नावाच्या जोडप्याने, ही सारी हातचलाखी होती आणि आम्हीच तिला मदत करीत होतो, असे जाहीर केले. वर सांगितलेल्या संशोधन संस्थेने रिचर्ड हॉजसन यांना चौकशीला धाडले. त्यांचा अहवाल १८८५ च्या अखेरीस आला आणि त्याने मादामना लबाड ठरविले. (त्याच संस्थेच्या नियतकालिकात शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, व्हर्नन हॅरिसन या तज्ज्ञाने हॉजसन यांच्या हस्ताक्षराच्या पुराव्यावर कडक टीका केली, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.)

गंमत अशी की, सोसायटीत येण्यापूर्वी हा अहवाल वाचा, असे बेझंटबाईंना खुद्द मादामनीच सांगितले. बाईंनी वाचला आणि बाजूला ठेवला. स्वतः फसवणुकीत सामील असल्याचे कबूल करणाऱ्या साक्षीदारांवर भरवसा काय ठेवावयाचा, आणि समोर बसलेली ही सरळ, निर्भय स्त्री खोटी कशी असेल, असा त्यांचा विचार. १० मे १८८९ रोजी त्या सोसायटीत दाखल झाल्या.

पहिले कारण वकिली थाटाचे आहे, दुसरे माणसाचे आहे, आणि निर्णय झाला तो दुसऱ्यावर. काड्यापेटीच्या मुलींबाबत बाईंनी एकट्या चेहऱ्यावर विश्वास ठेवला नव्हता. मजुरी, दंड, नफा यांचे आकडे मांडले होते. येथे आकडे नव्हते, चेहरा होता.

हे आम्ही चढेल सुरात बोलत नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. अडीच लाख कामगार बाहेर होते. आमच्या चाळीत पावसाळा लागेपर्यंत भांडी विकावयास निघाली, आणि त्याच सुमारास दुपारच्या वेळी बायकांचे प्लँचेट सुरू झाले. पाटावर खडूने मुळाक्षरे काढावयाची, वाटी उपडी घालावयाची, तिच्यावर तिघींनी बोटे टेकावयाची. विचारावयाचे एकच : गिरणी कधी उघडणार? वाटी फिरत फिरत 'दिवाळी' म्हणाली. आमच्या आईचेही बोट तिच्यावर होते. कोणी मुद्दाम ढकलीत नव्हते, हे आम्ही आजही शपथेवर सांगू. बोटांतली न कळणारी हालचाल वाटी फिरविते, हे मायकेल फॅरडे यांनी फिरत्या टेबलांवर प्रयोग करून १८५३ सालीच दाखविले होते, पण फॅरडे आमच्या चाळीत कोणाला ठाऊक असणार! दिवाळी आली आणि गेली.

बाईंची कसोटी लागली ती १८९१ मध्ये. मे महिन्यात मादाम वारल्या. ३० ऑगस्टला लंडनच्या हॉल ऑफ सायन्समध्ये बाईंनी आपल्या जुन्या नास्तिक श्रोत्यांचा निरोप घेतला. ब्रॅडलॉ त्याच जानेवारीत गेले होते. इतकी वर्षे मी या व्यासपीठावरून तुमच्याशी कधी खोटे बोलले नाही, असे आधी सांगून बाई म्हणाल्या की मादामच्या मृत्यूनंतरही त्याच हस्ताक्षरात आपल्याला पत्रे आली आहेत. सभा थक्क झाली, वर्तमानपत्रे पेटली. सोळा-सतरा वर्षांत कमावलेली पत त्यांनी एका वाक्यावर लावली. सभेत बोलणाऱ्या माणसाजवळ दुसरे भांडवल असते तरी काय?

ती पत्रे बाईंना मिळाली होती सोसायटीचे अमेरिकेतील पुढारी विल्यम जज यांच्यामार्फत. पुढे संशय आला, पुरावा गोळा झाला, आणि १८९४ च्या जुलैत, लंडनमध्येच, बाईंनी जाहीर निवेदन केले की ती पत्रे महात्म्यांच्या हातची नव्हती, ती जज यांनी लिहिली होती, आणि आपण स्वतः फसून लोकांनाही फसविले. जज यांनी आरोप नाकारला. मजकुराचा गाभा मात्र महात्म्यांचाच, ही बाईंची समजूत तशीच राहिली. तरीही, ज्या गावात छातीठोकपणे सांगितले त्याच गावात चूक कबूल करणे किती जड असते, हे संप फसल्यावर कामगारांच्या सभेला सामोरे गेलेल्यांस विचारावे. आमचा बाईंवरचा राग गेला तो हे निवेदन वाचून.

श्रद्धा काही सुटली नाही. १९०८ मध्ये लेडबीटर यांच्यासह त्यांनी 'ऑकल्ट केमिस्ट्री' काढले आणि दिव्यदृष्टीने पाहिल्यावर हायड्रोजनच्या अणूत अठरा सूक्ष्म कण दिसतात, असे लिहिले. विज्ञानाने त्याला थारा दिला नाही. त्याविषयी अधिक काय बोलावे!

पण अड्यारच्या त्याच वर्तुळातून आणखी एक गोष्ट निघाली. बाईंच्या 'न्यू इंडिया' पत्रात बी. पी. वाडिया नावाचे पारशी थिऑसफिस्ट काम करीत. मद्रासच्या पेरांबूर भागात सेल्वपती चेट्टियार आणि रामानुजुलु नायडू हे दोघे व्यापारी एक धार्मिक सभा चालवीत, आणि प्रवचनांना बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांचे कामगार येऊन बसत. कथा संपली की तीच माणसे गिरणीतली गाऱ्हाणी सांगू लागत. दोघे वाडियांकडे गेले. २७ एप्रिल १९१८ रोजी मद्रास लेबर युनियन स्थापन झाली, वाडिया तिचे अध्यक्ष. पुढे मालकांनी मद्रास हायकोर्टातून युनियनच्या पुढाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम आणला. तेव्हा अशा पुढाऱ्यांना कायद्याचे संरक्षण हवे, असा ठराव मुंबईच्या ना. म. जोशी यांनी १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला आणि त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. आमच्या युनियनची नोंदणी झाली ती त्याच कायद्याखाली.